ब्रिटनमधली जुनी ठिकाणं पाहायची आहेत? आधी मालक कोण ते विचारा

ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला शिकायला गेले तेव्हा सह्याद्रीतले चाळीसेक किल्ले पायाखाली घातलेले होते. किल्ला बघायला काय लागतं? बूट, पाण्याची बाटली आणि डबा. याच भरवशावर नोव्हेंबरातल्या एका बुधवारी दोन बस बदलून एका रोमन ठाण्यावर पोचले, तर फाटकाला कुलूप. हिवाळ्यात फक्त शनिवार-रविवारी उघडं, असं पाटीवर स्वच्छ लिहिलेलं. परतीची बस दोन तासांनी होती. आडव्या पावसात, एका मेंढीच्या साक्षीनं डब्यातला पराठा खाल्ला.

राजगडाला कुलूप नसतं. ब्रिटनमध्ये मात्र पडक्या भिंतीलाही मालक असतो, वेळापत्रक असतं आणि तिकीट असतं. पुढची तीन वर्षं तिथे राहून हे सगळं उलगडत गेलं. आता ओळखीतलं कोणी फिरायला किंवा शिकायला निघालं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

१. ठिकाण कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

आपल्याकडे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी दिसली की विषय संपला. ब्रिटनमध्ये तसं एकच खातं नाही, आणि नवख्या माणसाचे निम्मे पैसे या गोंधळातच वाया जातात.

इंग्लंडमधली स्टोनहेंज, डोव्हरचा किल्ला, व्हिटबीचा मठ अशी चारशेहून जास्त ठिकाणं 'इंग्लिश हेरिटेज' सांभाळतं. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल ट्रस्ट'कडे मुख्यतः सरदार-जमीनदारांच्या हवेल्या, बागा आणि मैलोन्‌मैल समुद्रकिनारा आहे. त्यांचं काम इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चालतं. स्कॉटलंडचा नॅशनल ट्रस्ट वेगळा. वेल्समधले किल्ले 'कॅडव' बघतं, एडिंबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले 'हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड'कडे आहेत. टॉवर ऑफ लंडन आणि हॅम्प्टन कोर्ट 'हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस'कडे. वेस्टमिन्स्टर ॲबी यांपैकी कोणाचीच नाही, तिचं तिकीट स्वतंत्र.

यावर कडी म्हणजे खासगी किल्ले. नॉर्थंबरलंडमधले बॅम्बरा आणि ॲनिक हे दोन्ही देखणे किल्ले आजही घराण्यांच्या मालकीचे आहेत. तिथे वरचा कुठलाही पास चालत नाही. हेड्रियनच्या भिंतीवर, म्हणजे रोमनांच्या जुन्या सीमाभिंतीवर, तर एकाच रस्त्यावर तीन कारभार: हाउसस्टेड्स हे रोमन ठाणं नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं पण इंग्लिश हेरिटेज चालवतं, म्हणून दोघांच्याही सभासदांना फुकट. जवळचं विंडोलांडा हे ठाणं मात्र स्वतंत्र ट्रस्टचं, तिथे खिशात हात घालावाच लागतो. ठिकाणांची यादी करताना प्रत्येक नावासमोर मालकाचं नाव लिहा. मग पास कोणता घ्यायचा ते यादीच सांगते.

२. पास की सभासदत्व, याचा हिशेब मांडा

आठ-पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास ९ किंवा १६ दिवसांचा मिळतो. स्कॉटलंडसाठी तसाच एक्सप्लोरर पास आहे. चारपेक्षा कमी ठिकाणं बघणार असाल तर बहुधा सुटी तिकिटंच परवडतात. पास घेतलाय म्हणून मग धावत सुटायचं, हा प्रकार मी आमच्या पाहुण्यांमध्ये खूप पाहिला.

वर्षभर राहणार असाल तर सभासदत्व घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच, कारण इंग्लिश हेरिटेजच्या एका प्रौढ सभासदाबरोबर घरातली सहापर्यंत मुलं फुकट जातात. शिवाय वेल्स आणि स्कॉटलंडच्या ठिकाणी पहिल्या वर्षी अर्ध्या दरात आणि नूतनीकरणानंतर फुकट प्रवेश मिळतो.

खिडकीवर हमखास एक प्रश्न येतो: 'गिफ्ट एड?' हो म्हणू नका. तिथे कर भरणाऱ्यांनी दिलेल्या देणगीवर संस्थेला सरकारकडून जास्तीची रक्कम मिळते, त्यासाठीची ही विचारणा असते. पाहुण्यांचा तिच्याशी संबंध नाही. तिकिटाचे दोन दर लावलेले असतील तर एकात देणगी धरलेली असते. साधं तिकीट मागायला लाजू नका.

३. एकच भाग निवडा

लंडन, स्टोनहेंज, बाथ, एडिंबरा, आठ दिवस. या प्रवासात सर्वात जास्त काय बघून होतं? रेल्वे स्टेशनं.

माझं ऐकाल तर एक गाव मुक्कामाला धरा आणि तिथून रोज एका दिशेला जा. मला ठाऊक असलेला भाग ईशान्येचा, म्हणून उदाहरण त्याचंच देते. न्यूकॅसलला पाच रात्री. पहिल्या दिवशी गावातलाच किल्ला, ज्यावरून शहराला नाव पडलं. १०८० मध्ये इथे 'नवा किल्ला' उभा राहिला आणि आज दिसतो तो दगडी मनोरा त्यानंतर शंभरेक वर्षांनी बांधला गेला. दुसऱ्या दिवशी ट्रेननं डरहॅम. तिथलं कॅथेड्रल १०९३ मध्ये बांधायला घेतलं. आत गेल्यावर खांबांवरची कोरीव नागमोडी नक्षी आधी बघा आणि मगच वर छताकडे मान करा. शेजारच्या किल्ल्यात विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात, त्यामुळे तिथे फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं.

तिसरा आणि चौथा दिवस हेड्रियनच्या भिंतीला. इ. स. १२२ मध्ये सुरू झालेली ही भिंत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत ११७ किलोमीटर जाते. हेक्सम किंवा हॉल्टव्हिसलपर्यंत ट्रेन आणि तिथून बस. बसचा क्रमांकच एडी१२२ आहे. ती हंगामीच धावते, वेळापत्रक आधी बघून ठेवा. हाउसस्टेड्सला सैनिकांची सार्वजनिक शौचालयं शाबूत आहेत आणि शाळकरी मुलांची सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. विंडोलांडाला मात्र अर्धा दिवस द्याच. १९७३ पासून तिथल्या ओल्या मातीत शाईनं लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत गेल्या: रजेचे अर्ज, शिध्याच्या याद्या, आणि क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या बाईनं मैत्रिणीला धाडलेलं वाढदिवसाचं आमंत्रण. बहुतेक मूळ पट्ट्या लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आधी त्या बघून मग इथे आलात तर जास्त मजा. भिंतीच्या खळगीत उभं असलेलं सिकमोरचं एकटं झाड जुन्या फोटोंत बघून शोधू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये ते रातोरात कापलं गेलं.

पाचवा दिवस लिंडिसफार्न बेटाला, त्याबद्दल सहाव्या पायरीत.

४. निघण्यापूर्वी तीन तारखा पाठ करा

पडझड नीट वाचता आली नाही तर दुसऱ्या दिवसापासून सगळे दगड सारखेच दिसतात. तीन तारखा माहीत असल्या की निम्मं काम होतं.

पहिली १०६६. नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि परक्या मुलखात बस्तान बसवण्यासाठी जागोजागी मातीचं टेकाड रचून वर लाकडी गढी बांधायचा धडाका लावला. पुढे त्यांतल्या अनेकांचे दगडी किल्ले झाले. आपल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते, 'याला किल्ला म्हणतात?' उंचीला हसू नका. तो किल्ला डोंगरासाठी नाही, खालच्या गावावर नजर ठेवण्यासाठी आहे. तटबंदीच बघायची हौस असेल तर वेल्सला जा. राजा पहिल्या एडवर्डनं तेराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेले कॉनवी, कार्नार्वन, हार्लेक आणि बोमॅरिस हे किल्ले जागतिक वारसा यादीत आहेत. बोमॅरिसला एकात एक दोन तट आहेत आणि तो पैशाअभावी अर्धवट राहिला. नकाशावर इतका रेखीव दिसणारा किल्ला मी दुसरा पाहिला नाही.

दुसरी १५३६. या वर्षापासून १५४० पर्यंत राजा आठव्या हेन्रीनं देशातले सुमारे ८०० मठ बंद केले. जमिनी राजाकडे गेल्या, छपरांवरचं शिसं वितळवून विकलं गेलं, उरलेले दगड गावकऱ्यांनी घरांना लावले. यॉर्कशरच्या रीव्हो किंवा फाउंटन्स मठात आकाशाकडे उघड्या कमानी बघताना 'काळाच्या ओघात' असं काही म्हणू नका. काळाचा यात फारसा हात नाही. ते छप्पर सरकारी हुकमानं उतरवलं गेलं.

तिसरी १६४२, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धाची सुरुवात. पार्लमेंटनं हाती आलेले अनेक किल्ले मुद्दाम निकामी केले. कॉर्फच्या किल्ल्याचे बुरूज सुरुंगानं उखडून उतारावर कलंडलेत, ते आजही तसेच आहेत. हे बघताना मला पायऱ्या उडवलेले आपले किल्ले आठवले. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंग लावून उद्ध्वस्त केले, ती रीत त्यांनी आधी स्वतःच्या घरात वापरून पाहिली होती.

५. कागदपत्रं आणि सामान

फिरायला जाणाऱ्यांना स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर जायचं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बरोबर ठेवा:

- पासपोर्ट, जुने असतील तर तेही
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, आयकर विवरणपत्र
- नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, किंवा धंद्याचे कागद
- राहण्याची सोय आणि दिवसवार आराखडा
- नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं पत्र आणि पत्त्याचा पुरावा

अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर ती कुठून आली याचा कागद जोडा. आमच्या एका नातलगांचा अर्ज याच एका गोष्टीवर परत आला होता.

सामानात छत्रीऐवजी टोपीचं पावसाळी जॅकेट घ्या. भिंतीवरच्या वाऱ्यात छत्री दोन मिनिटंही टिकत नाही. पायी फिरणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनाचा १:२५,००० नकाशा विकत घ्या किंवा फोनवर उतरवून ठेवा. त्यावर जुनी स्थळं वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरात छापलेली असतात. पाटी नसलेलं थडगं किंवा तटबंदीची ओळ मला अशीच सापडत गेली.

६. वेळ, गाडी आणि भरती

शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी थांबतो. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान कित्येक ठिकाणं फक्त शनिवार-रविवारी उघडतात. हवेल्यांची बाग उघडी आणि घर बंद असंही असतं. जाण्याच्या आदल्या रात्री त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर तारीख घालून बघा, इतर कुठल्या ॲपवर विसंबू नका. स्टोनहेंजला पास असला तरी वेळ आधी राखून ठेवलेली बरी. तिथे एरवी दोरीबाहेरूनच दगड बघावे लागतात. हात लावायची इच्छा असेल तर थोडं उत्तरेला एव्हबरीला जा. तिथल्या दगडी वर्तुळात गावाचा काही भाग वसलेला आहे, दगडांमधून मेंढ्या फिरतात आणि आत जायला तिकीट नाही.

ट्रेनचं तिकीट आगाऊ काढलं तर निम्म्याहून स्वस्त पडू शकतं, पण ते तिकीट त्याच गाडीचं असतं, गाडी चुकली की गेलं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्रेनऐवजी बसमध्ये बसवतात. लांबचा प्रवास रविवारी ठेवू नका.

आणि लिंडिसफार्न. इ. स. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लुटलेला मठ याच बेटावरचा. बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. सुरक्षित वेळांचा तक्ता जाहीर केलेला असतो, तरी दर वर्षी कोणाची ना कोणाची गाडी मध्येच बुडते. तक्त्यातल्या शेवटच्या मिनिटाला निघू नका. पाणी आधी रस्त्यावर दिसत नाही, बाजूच्या चाकोरीत दिसतं.

७. पैसे संपले की चर्चमध्ये जा

गमतीनं म्हणत नाही. गावोगावची जुनी चर्चं बहुतेक दिवसा उघडी आणि फुकट असतात. दाराचं लोखंडी कडं जड असतं, बंद वाटलं तरी फिरवून बघा. गोल कमान म्हणजे साधारण नॉर्मन काळ, टोकदार कमान त्यानंतरची, आणि खिडक्या रुंद होऊन उभ्या सरळ पट्ट्या दिसल्या की चौदाव्या-पंधराव्या शतकात आलात. एकाच चर्चमध्ये तिन्ही सापडतात. मोठ्या कॅथेड्रलमध्ये संध्याकाळची गायनप्रार्थना ऐकायला पैसे लागत नाहीत. वेस्टमिन्स्टर ॲबीतही नाहीत. ती प्रार्थना आहे, सहल नव्हे, त्यामुळे फोटो काढायचे नाहीत.

सप्टेंबरात जाणं जमत असेल तर इंग्लंडमध्ये हेरिटेज ओपन डेज असतात. एरवी बंद असलेल्या इमारती तेव्हा फुकट उघडतात.

८. लंडनमधले आपले धागे

लंडनला घरांवर गोल निळ्या पाट्या दिसतील. ही पद्धत १८६६ पासूनची. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे, १९१८-१९ मध्ये ते तिथे राहत होते. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकरांची. ही लोकांची राहती घरं आहेत, रस्त्यावरूनच बघा, घंटा वाजवू नका. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेब आंबेडकरांचं विद्यार्थिदशेतलं घर मात्र महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. जाण्यापूर्वी वेळ तपासा.

वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जाणारे अजून भेटतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याला मांडली गेली. ती महाराजांनी वापरलेलीच, याला ठोस पुरावा नाही, असं ते म्युझियमच सांगतं.

एक दिवस वाढवता आला तर वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसला जा. हा राणी व्हिक्टोरियाचा समुद्रकाठचा वाडा. त्यातलं दरबार दालन भाई रामसिंग आणि लॉकवुड किपलिंग यांनी १८९०-९१ मध्ये सजवलं. हे किपलिंग म्हणजे आपल्या जे. जे. कला विद्यालयात शिकवणारे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हा हात ओळखीचा वाटेल.

अभ्यासासाठी ब्रिटिश लायब्ररी. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे कागद इथेच आहेत, शिवकाळातली सुरत आणि मुंबई वखारींची पत्रंसुद्धा. वाचकपत्र मोफत मिळतं, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वाचनकक्षात पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. कागदाचे क्रमांक घरूनच शोधून, जमल्यास आधी मागवून ठेवा, नाहीतर पहिला दिवस वाट बघण्यात जातो. लंडनच्या क्यू भागातलं नॅशनल अर्काइव्ह्ज, म्हणजे सरकारी दफ्तरखाना, रविवारी आणि सोमवारी बंद असतं.

९. शिकायचंच असेल तर

आधी घरी बसून चाचपून बघा. न्यूकॅसल विद्यापीठाचा हेड्रियनच्या भिंतीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी पुण्यातच केला होता, आणि तिथे जायचं ते त्यानंतरच पक्कं झालं. पदव्युत्तर शिक्षणासाठी यॉर्क, डरहॅम, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज ही पुरातत्त्व आणि वारसा-व्यवस्थापनाची, तर लेस्टर हे संग्रहालयशास्त्राचं नावाजलेलं ठिकाण. शिष्यवृत्ती हवी तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतो. त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. विद्यार्थी व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही काढून ठेवा.

उत्खननात हात घालायची इच्छा असेल तर विंडोलांडा स्वयंसेवक घेतं. नोंदणी फार लवकर भरते. पाहुण्यांच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतच असं काम करता येतं, तेही सहलीचा मुख्य हेतू दुसरा असताना.

न्यूकॅसलला गेलात तर मेट्रोनं साउथ शील्ड्सला उतरा आणि आर्बिया हे रोमन ठाणं बघा. तिथे एका बाईचा थडग्याचा दगड आहे. ती रेजिना, दक्षिण इंग्लंडमधल्या एका टोळीतली, आधी गुलाम आणि मग बायको. दगड उभारला तिच्या नवऱ्यानं. तो बराटेस, सीरियातल्या पाल्मिराचा. वरच्या ओळी त्या काळच्या सरकारी भाषेत, लॅटिनमध्ये आहेत. खालची एक ओळ मात्र त्यानं आपल्या भाषेत, आपल्या लिपीत कोरून घेतली: बराटेसनं मुक्त केलेली रेजिना, हाय रे! लॅटिन ओळी जरा वेड्यावाकड्या उतरल्यात, खालची ओळ सफाईदार आहे. काचेत दिव्याचा उजेड पडतो, जरा डाव्या बाजूला सरकून बघा म्हणजे अक्षरं नीट लागतात.